गिटार तारप्याला लावा: घरी रॉक रेकॉर्ड करताना सापडलेला साउंड

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त अडखळणं कमी केलंय.)

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आजचा भाग सगळा ऐकण्याबद्दलच आहे.

मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज एकच असतो. "दादा, घरी गाणं रेकॉर्ड करायचंय, कुठला माइक घेऊ?" आज त्याचं उत्तर देणार आहे, पण थोडं फिरून. कारण मीही याच प्रश्नापासून सुरुवात केली होती आणि दोन वर्षं भलतीकडेच शोधत बसलो होतो. त्यात एका म्हाताऱ्या माणसाला दुखावलं आणि एक मित्र गमवायची वेळ आली. तीही गोष्ट आज सांगतो.

आधी माझ्याबद्दल. मी डहाणूचा. दिवसा तलासरी नाक्याजवळ मोबाइल रिपेअरिंग करतो आणि रात्री गिटार वाजवतो. बँड दोघांचाच. मी गिटार आणि गाणं, मित्र ड्रम. तो तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, वारली. आमच्याकडे रॉक वाजवणारे दोघं भेटले हीच मोठी गोष्ट. मुंबईतला स्टुडिओ म्हणजे डहाणू रोडवरून लोकल पकडा, सव्वाशे किलोमीटर जा, तासाचे पैसे मोजा आणि शेवटच्या गाडीकडे डोळे लावून गा. दोनदा केलं. दुसऱ्यांदा गाणं संपायच्या आधी वेळ संपला. मग ठरवलं, घरीच करू.

खोली

घर म्हणजे मागची खोली. वर पत्रा, खाली कोबा, चारी बाजूंना उघड्या भिंती. टाळी वाजवली की "टणण्" असं परत यायचं. तुमच्या खोलीतही आत्ता टाळी वाजवून बघा. तो जो शेपटासारखा आवाज मागे राहतो ना, तो प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये जाऊन बसतो आणि नंतर काढता येत नाही. महागडा माइक घेतलात तर तो अजून स्वच्छ ऐकू येतो, एवढाच फरक.

म्हणून पहिलं उत्तर: माइकच्या आधी गोधड्या. आईकडून चार मागून घेतल्या. दोन मागच्या भिंतीला, एक बाजूला, एक डोक्यावर दोरीला. गाणाऱ्याच्या पाठीमागची गोधडी सगळ्यात महत्त्वाची, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर त्याची दारं उघडा आणि त्याच्याकडे पाठ करून गा.

दुसरं, ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला वापरू नका. ऐकायला छान, पण आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. तुम्ही ठेक्यावर वाजवताय असं तुम्हाला वाटतं आणि ट्रॅक मागे पडलेला असतो. वायरचा साधा हेडफोन घ्या. ऑडिओ इंटरफेस असेल तर बफर २५६ सॅम्पलवर ठेवा, म्हणजे साधारण सहा मिलिसेकंदांचा उशीर. तेवढा हाताला कळत नाही.

तिसरं, लेव्हल. रॉक आहे म्हणून लाल दिव्यापर्यंत चढवू नका. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. नंतर वाढवता येतं, पण फाटलेलं शिवता येत नाही.

सॉफ्टवेअर कुठलंही चालतं. फोनवर बँडलॅब फुकट आहे, कॉम्प्युटरवर रीपर फार स्वस्तात पडतं, आणि गिटार अॅम्पच्या आवाजासाठी न्यूरल अॅम्प मॉडेलर फुकट मिळतो. इथे अडू नका.

आणि आमच्या भागाच्या खास अडचणी आहेतच. पावसाळ्यात पत्र्याखाली गाणं रेकॉर्ड होत नाही, विषय संपला. जून ते सप्टेंबर मी गाणी लिहितो, ड्रम प्रोग्रॅम करतो, गिटार वायरने थेट घेतो. माइकचं काम पाऊस गेल्यावर. मालगाड्यांचं टाइमटेबल पाठ झालंय. आणि नोव्हेंबर २०१८ पासून इथे भूकंपाचे धक्के सुरू झाले ते तुम्हाला माहीत असेल. धुंदलवाडीच्या बाजूला लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूत रात्री काढल्या. आमच्या एका टेकमध्ये दुसऱ्या कडव्याला "धप्प" आलं, दोघंही गिटार-काठ्या टाकून अंगणात पळालो, रेकॉर्डिंग चालूच. नंतर ऐकलं तर भांडी, कुत्री आणि कुणीतरी पोरांना हाका मारतंय. असं झालं तर आधी बाहेर पळा हं, टेक परत घेता येतो.

दुसऱ्याचा आवाज

आता एवढं सगळं केल्यावर गाणं स्वच्छ आलं. पण ऐकलं की वाटायचं, हे कुणीतरी दुसरंच आहे. आवडत्या परदेशी बँडची साधी कॉपी. मग प्लगिन बदल, गिटारची तार बदल, यूट्यूबवर "हाच टोन कसा आणायचा" बघ. दोन वर्षं हेच चाललं.

त्या दिवसांत तीन किस्से वाचले, त्यांनी थोडं डोकं फिरलं.

पहिला ब्रूस स्प्रिंगस्टीनचा. १९८२ चा जानेवारी, न्यू जर्सीतलं भाड्याचं घर. टीअॅकचं चार ट्रॅकचं कॅसेट मशीन आणि दोन साधे माइक. त्याने नव्या गाण्यांचे डेमो करून ठेवले, बँडला ऐकवायला. ती कॅसेट डब्याशिवाय खिशात घालून फिरायचा. नंतर पूर्ण बँड घेऊन मोठ्या स्टुडिओत तीच गाणी केली, पण जमेनात. शेवटी ती घरची कॅसेटच 'नेब्रास्का' नावाचा अल्बम म्हणून बाहेर आली. त्या गाण्यांना एकटेपणा हवा होता आणि तो त्या खोलीत होता.

दुसरा ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीचा. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल करून खाली उतरवल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'वर तो जड, खालचा आवाज ऐका. आज ज्याला हेवी मेटल म्हणतो, त्यातला बराचसा भाग एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांतून आलाय. आमच्याकडे बोईसर-तारापूरच्या कंपन्यांत जाणाऱ्या घरांना हे वेगळं समजावायला नको.

तिसरा किंक्सच्या डेव्ह डेव्हिसचा. १९६४. छोट्या अॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्या फाटक्या आवाजात 'यू रिअली गॉट मी' वाजवलं.

हे ऐकून माझ्या डोक्यात आलं, अरे, फाटका आवाज तर आपल्याकडे आधीपासून आहे! हळदीच्या रात्री बँजो पार्टी येते ना? तो आपला बँजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारवाद्य, पिकअप बसवलेलं, भोंग्यातून बाहेर काढलेलं. अख्खा समाज लग्नात डिस्टॉर्शनवर नाचतो आणि मी "रॉक इथलं नाही" म्हणून तोंड पाडून बसलोय!

माझी चूक

आता मुख्य गोष्ट.

मित्राचे आजोबा तारपा वाजवतात. आम्ही सगळे त्यांना आजा म्हणतो. ज्यांनी तारपा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात आवाजाच्या जिभा असलेल्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब भोंगा, सांधे मेणाने बंद. वाजवणारा नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. भात तयार झालं की रात्री अंगणात तारपा निघतो. तारपकरी पुढे, त्याच्या मागे कमरेला हात घालून नाचणाऱ्यांची साखळी, आणि नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांत तो गोल गोल फिरणारा सर्पिल तुम्ही पाहिला असेल. त्या सर्पिलाच्या मध्ये उभा असतो तो तारपकरी.

मी आजांना म्हटलं, "आजा, आमच्या गाण्यात वाजवशील का?" ते हसले, म्हणाले, "वाजवतो की."

मी त्यांना त्या गोधड्यांच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. समोर माइक. "हलू नकोस आजा, आवाज कमी-जास्त होतो." त्यांनी पाच मिनिटं वाजवलं, दोनदा थांबले, म्हणाले जमत नाही. मला वाटलं वय झालंय. जे मिळालं ते घेतलं.

घरी गाण्यावर ठेवून बघतो तर तारपा बेसूर. निदान मला तसं वाटलं. गिटार ४४० हर्ट्झच्या हिशोबात लावलेली आणि तारप्याचा मूळ सूर डी आणि डी शार्पच्या मध्ये कुठेतरी. मग मी काय केलं असेल? पिच करेक्शन. एकेक सूर धरून सरळ रेषेवर आणला. ठेक्याला चिकटवला. श्वासाचा आवाज पुसला. वर थोडा रिव्हर्ब. आणि गाणं अपलोड करून टाकलं. खाली लिहिलं, "तारपा: पारंपरिक".

दोनशे-तीनशे लोकांनी ऐकलं, "फ्युजन भारी" वगैरे. मी खूश. पाड्यावर जाऊन आजांना फोनवर ऐकवलं. त्यांनी फोन कानाला लावला, पूर्ण ऐकलं, परत दिला आणि विचारलं, "हा कोण वाजवतोय?"

"आजा, तूच."

"नाही. हा माझा तारपा नाही."

एवढंच बोलले आणि उठून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मित्र मात्र बोलला. म्हणाला, "माझ्या आजाने सत्तर वर्षं जे वाजवलं ते तू एका बटणाने चूक ठरवलंस. आणि वर नाव पण लिहिलं नाहीस. पारंपरिक म्हणजे कोण? आभाळातून पडलं का?" महिनाभर तो आला नाही. ड्रम खोलीत तसेच.

[थोडी शांतता]

मी गाणं काढून टाकलं. ते सोपं होतं. पुढे काय करायचं ते कळत नव्हतं.

गिटार उतरवली

त्या महिन्यात मी ते कच्चं रेकॉर्डिंग, काहीही न केलेलं, रोज ऐकलं. दहाव्या-बाराव्या वेळेला कानाला सवय झाली आणि जाणवलं की तारपा स्वतःशी अगदी सुरात आहे. प्रत्येक तारपा हाताने केलेला, भोपळा जसा मिळेल तसा, त्यामुळे प्रत्येकाचं घर वेगळं. बेसूर होती ती माझी गिटार, कारण ती दुसऱ्याच घरी लावलेली.

मग उलटं केलं. तारप्याचा मूळ सूर मोजला तर तो डीच्या साधारण ३५ सेंट वर होता. दोन शेजारच्या स्वरांत १०० सेंट असतात, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडं जास्त. ट्यूनर अॅपमध्ये ४४० चा आकडा बदलता येतो, तो ४४९ केला, आणि सगळ्या सहा तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या. आता माझी सगळ्यात जाड तार आणि आजांचा सूर एकाच जागी. वाजवली, आणि अंगावर काटा आला. कारण दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्यातून हळू लाट यायला लागली, व्हॉं... व्हॉं... ती लाट तारप्यात आधीपासून होती. मी तीच पुसली होती!

पण एक अडचण राहिली. मधले स्वर अजून जुळत नव्हते. मेजर किंवा मायनर कॉर्ड वाजवली की भांडण. यावर रॉककडेच उत्तर होतं: पॉवर कॉर्ड. फक्त सा आणि प, मधला ग नाहीच. तो ग कुठे ठेवायचा हे तारपा ठरवतो, गिटार त्याला जागा देते. डिस्टॉर्शनमध्ये पॉवर कॉर्ड तशीही छान लागते. आणखी एक, गिटारवरचा लो-कट ८० हर्ट्झवरून ६० वर आणला. कारण जाड तार आता ७५ हर्ट्झच्या आसपास बोलते, ८० ला कापलं तर तिचे पायच जातात.

हे सगळं करून मित्राला फक्त तीस सेकंदांची क्लिप पाठवली. आजांचं न पुसलेलं वाजवणं आणि खाली उतरवलेली गिटार. संध्याकाळी उत्तर आलं: "आजाला परत विचारावं लागेल. तू विचार."

गेलो. माफी मागितली. आणि या वेळी आधी विचारलं की तुम्हाला कसं वाजवायचंय. आजा म्हणाले, बसून तारपा वाजत नाही. पाय हलल्याशिवाय श्वास फिरत नाही.

म्हणजे खुर्चीवर थांबत होते ते वयामुळे नाही. मीच बांधून ठेवलं होतं.

अंगण

भात झाल्यावर एका रात्री अंगणातच रेकॉर्ड केलं. एक माइक कुंपणाच्या खांबाला, दुसरा फोन मित्राच्या हातात, आजांच्या बाजूने चालत. सुरुवातीला एक जोरदार टाळी, म्हणजे नंतर दोन्ही रेकॉर्डिंग त्या टाळीवर जुळवता येतात. कुणालाही गप्प बसा म्हटलं नाही. आजा फिरले की आवाज लांब जातो, परत येतो. मागे नाचणाऱ्यांचे पाय. मी त्या पायांवरच मित्राला ड्रम वाजवायला लावले, क्लिक ट्रॅक बंद. ठेका थोडा पुढे-मागे होतो, पण तो पायांबरोबर होतो. त्या रात्री तारप्याचा सूर पहिल्या वेळेपेक्षा किंचित वेगळा लागला, म्हणून गिटार परत मोजून लावली. आता ते माझं नेहमीचंच काम झालंय, आधी तारपा, मग ट्यूनर.

आणि अपलोड करायच्या आधी तिघांनी बसून ठरवलं. वादक म्हणून आजांचं पूर्ण नाव, गाण्याच्या नावाशेजारी. पैसे आले तर तीन सारखे वाटे. आले नाहीत तरी त्या रात्रीची बिदागी वेगळी, आणि ती आधी. आपल्या कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्याचा त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, रेकॉर्ड करायला त्याची संमती लागते. पण कायदा बाजूला ठेवा. मुंबईच्या 'स्वदेसी' रॅप गटाने 'द वारली रिव्होल्ट' केलं, त्यात आरेमधले वारली कलाकार प्रकाश भोईर स्वतः आहेत आणि नावानिशी आहेत. जव्हारच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा तारप्यामागे माणूस असतो हे सगळ्यांना दिसलं. तो माणूस आपल्या गाण्याखाली दिसायला पुरस्काराची वाट कशाला बघायची?

आजांना नवं गाणं ऐकवलं. या वेळी हेडफोनवर. पूर्ण ऐकलं. मग मला विचारलं, "तुझी ती तार सैल झालीय का?"

म्हटलं, "हो आजा, तुमच्यासाठी केली."

"बरी वाटते," म्हणाले. बस्स. मला तेवढं पुष्कळ आहे.

तुमच्यासाठी

आता तुमचा प्रश्न, कुठला माइक घेऊ. जो परवडेल तो. पण घ्यायच्या आधी या आठवड्यात एक काम करा. फोन घेऊन घराच्या आसपास दहा आवाज रेकॉर्ड करा. गिरणी, मच्छीबाजार, भजनी मंडळाची ढोलकी, आजीचं जात्यावरचं गाणं, काहीही. माणसाचा आवाज असेल तर विचारून. मग गिटार घ्या आणि त्यातल्या एकाच्या सुराला लावा. त्याला ओढून स्वतःकडे आणू नका, तुम्ही तिकडे जा. दहातले नऊ काही देणार नाहीत. एखादा देईल.

आणि मिक्स झाल्यावर फोनच्या स्पीकरवर नक्की ऐका, कारण तुमचं गाणं लोक तिथेच ऐकणार आहेत. फोनचा स्पीकर खालचा आवाज देतच नाही. बेस गायब होत असेल तर तो मोठा करू नका, त्यावर थोडं डिस्टॉर्शन टाका, म्हणजे त्याचे वरचे स्वर फोनवर ऐकू येतात. गिटार जाड हवी असेल तर एकच ट्रॅक कॉपी करू नका, तोच भाग दोनदा वाजवा, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि गेन नेहमीपेक्षा कमी. हे दोन उपाय फुकट आहेत.

तुम्ही कशाला गिटार लावली ते मला रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात त्यातले आवाज ऐकवू, अर्थात तुमच्या नावानिशी. आणि हो, आता मित्र ड्रमवर परत बसलाय, मागून काठ्या आपटतोय, म्हणजे मला थांबायला सांगतोय.

भेटू. काळजी घ्या, आणि लेव्हल लाल होऊ देऊ नका!